टोला मनगटावर, हलली बोटं: एका रिफ्लेक्सने कमरेकडून मानेकडे वळवलेला तपास

पार्श्वभूमी

चोपडा तालुक्यातले ५८ वर्षांचे शेतमजूर. गाव आणि घरचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. केळी कापणीच्या टोळीत त्यांची हयात गेली. कोयत्याने घड उतरवणारा पुढे आणि घड वाहणारे मागे, असं ते काम चालतं. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर वीस-पंचवीस किलोचा घड, पायाखाली ओली जमीन आणि ठिबकच्या नळ्या. त्या ओलांडत बांधावर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत दिवसभर फेऱ्या.

मधुमेह ९ वर्षांपासून. मेटफॉर्मिन रोज २ ग्रॅम, साखर कधी आटोक्यात तर कधी नाही. माळकरी असल्यामुळे मांस-अंडी वर्ज्य, दूध चहापुरतं. मेटफॉर्मिन आणि हा आहार, या दोन गोष्टींना पुढे बरंच महत्त्व आलं.

अडचण

सुरुवात तळपायांच्या मुंग्यांनी झाली. मग चप्पल पायातून निसटली तरी कळेना. पावसाळ्यात बागेत दोनदा तोल गेला. एका डॉक्टरांनी साखरेमुळे नसा खराब झाल्याचं निदान केलं आणि प्रेगाबॅलिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. निदान चूक नव्हतं, अपुरं होतं.

तीन महिन्यांनी पाय जड वाटू लागले, ताठर होऊ लागले. जिना उतरताना कठडा धरावा लागे. कंबरही दुखत होती, म्हणून दुसऱ्या ठिकाणी कमरेचा एमआरआय झाला. त्यात एल ४-५ मधली, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, चकती किंचित बाहेर आलेली दिसली. पट्टा आला, ट्रॅक्शन आलं, दोन महिने गेले. साठीकडे झुकलेल्या माणसाच्या कमरेत अशी चकती तक्रार नसतानाही सर्रास सापडते. दिसली म्हणून तीच कारण ठरत नाही.

त्याहून मोठी चूक शरीररचनेची होती. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली फक्त नसांचा झुबका असतो. तिथे दाब आला तर पाय लुळे पडतात, सैल होतात, रिफ्लेक्स (हातोडीच्या टोल्याला स्नायूने आपोआप दिलेलं उत्तर) मंदावतात. या रुग्णाचे पाय ताठर होत होते, म्हणजे दोष रज्जूत किंवा त्याच्याही वर असायला हवा होता. एल ४-५ च्या फोटोत तो दिसणं शक्यच नव्हतं.

दरम्यान हातांचीही कुरबुर सुरू झाली होती, पण तक्रार पायांची म्हणून हातांबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तालुक्याच्या ठिकाणी तिसऱ्या डॉक्टरांकडे आले तेव्हा रुग्ण एवढंच म्हणाले, “पाय मना आयकत नही.” डॉक्टरांनी विचारलं, “आबा, सदऱ्याची बटणं कोण लावतं?” उत्तर सुनेने दिलं: दोन महिन्यांपासून नातू लावतो. नोटा मोजता येत नाहीत, भाकरी मोडताना बोटं अडखळतात.

हा पहिला निर्णयबिंदू. पायांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला बटणांबद्दल विचारलं की तपासाची पातळी कमरेवरून थेट मानेवर जाते.

हातोडीने काय सांगितलं

आधी टोल्याच्या पद्धतीविषयी, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. स्नायू पूर्ण सैल हवा आणि उघडा दिसायला हवा. धोतर किंवा पायजमा मांडीपर्यंत सरकवल्याशिवाय नी जर्क (गुडघ्याचा रिफ्लेक्स) बघण्यात अर्थ नाही. पाय उडाला की नाही यापेक्षा मांडीचा पुढचा स्नायू आकसला की नाही हे बघायचं असतं. हातोडी सैल धरून मनगटातून झुलू द्यायची, टोला तिच्या वजनाने पडला पाहिजे. हलक्या, आखूड हातोडीने किंवा स्टेथोस्कोपच्या कडेने मारलं की चांगला रिफ्लेक्सही ‘नाही’ म्हणून लिहिला जातो. प्रत्येक जागी डावी-उजवी बाजू लागोपाठ तपासायची, म्हणजे फरक नजरेत भरतो.

रिफ्लेक्स आला नाही तर लगेच शून्य लिहायचं नाही. पायांसाठी रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगायचं, हातांसाठी दात आवळायला सांगायचं आणि नेमक्या त्या क्षणी टोला द्यायचा. ही युक्ती हंगेरीच्या येंड्रासिक यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामुळे दबलेला रिफ्लेक्स वर येतो. तरीही आला नाही तरच शून्य.

त्या दिवशीच्या नोंदी अशा होत्या. जबड्याचा जर्क नेहमीसारखा. दंडातला बायसेप्स दोन्हीकडे मंद. दंडामागचा ट्रायसेप्स तीव्र. नी जर्क दोन्हीकडे तीन प्लस, म्हणजे नेहमीपेक्षा तीव्र, आणि उजव्या गुडघ्यावर टोला दिला की डावी मांडीही आत ओढली जाई. अँकल जर्क (घोट्याचा रिफ्लेक्स) हातांची बोटं ओढायला लावूनही दोन्हीकडे शून्य. प्लँटर दोन्हीकडे वर, म्हणजे तळव्याच्या बाहेरच्या कडेने बोथट किल्ली फिरवल्यावर पायाचा अंगठा खाली न वळता वर गेला. बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये नोंदवलेली ही खूण प्रौढ माणसात मेंदूकडून उतरणाऱ्या मार्गाला इजा झाल्याचं सांगते.

सगळ्यात बोलकी नोंद मनगटाची होती. हात मांडीवर सैल ठेवून मनगटाच्या थोडं वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर टोला दिला. एरवी कोपर किंचित वाकतं. इथे कोपर हललं नाही, बोटं मात्र झटक्यात आत वळली. मनगटाच्या या रिफ्लेक्सला सुपिनेटर म्हणतात, आणि तो असा उलटला की इन्व्हर्टेड सुपिनेटर.

याशिवाय मधल्या बोटाचं नख टिचकीने खाली दाबून सोडलं की अंगठा आत वळे (हॉफमन). दहा सेकंदांत मूठ उघडमीट ११ वेळा झाली, साधारण २० तरी व्हायला हवी. १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचं कंपन घोट्यापर्यंत कळत नव्हतं. डोळे मिटून उभं केलं की तोल जाई.

टोल्यापासून हालचालीपर्यंत

बोटं का वळली हे समजायला रिफ्लेक्सचा मार्ग डोळ्यांसमोर हवा. स्नायूच्या तंतूंमध्ये, त्यांना समांतर, चातीच्या आकाराची सूक्ष्म संवेदकं असतात. त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू ताणला की स्पिंडल ताणलं जातं आणि शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी एकावरून, म्हणजे आय-ए तंतूवरून, संदेश मज्जारज्जूकडे निघतो. त्याचा वेग सेकंदाला ८० ते १२० मीटर. रज्जूत तो थेट त्याच स्नायूच्या अल्फा चेतापेशीला जाऊन भिडतो. मध्ये एकच जोड आहे. पेशी उत्तेजित होते आणि स्नायू आकसतो. त्याच वेळी आय-ए ची एक फांदी मधल्या पेशीमार्फत विरुद्ध बाजूच्या स्नायूला थोपवून धरते, नाहीतर गुडघा पुढे जाताना मांडीच्या मागच्या स्नायूने त्याला रोखलं असतं. नी जर्कमध्ये टोल्यापासून स्नायूच्या पहिल्या विद्युत हालचालीपर्यंत साधारण २० मिलिसेकंद लागतात.

हातोडी कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) मारतो म्हणून ही कंडरेची क्रिया असल्याचा समज आजही पक्का आहे. ‘डीप टेंडन रिफ्लेक्स’ या प्रचलित नावाने तो वाढवलाही आहे. कंडरेतली संवेदकं, म्हणजे गोल्जी टेंडन ऑर्गन, वेगळी असतात. ती स्नायूचा जोर मोजतात आणि त्यांचा परिणाम बहुधा थोपवणारा असतो. कंडरेवरचा टोला हा स्नायूला क्षणभर ताणण्याचा सोयीचा मार्ग आहे, इतकंच. एर्ब आणि वेस्टफाल यांनी १८७५ मध्ये नी जर्कचं वर्णन केलं. तो ताणाचाच रिफ्लेक्स आहे याची भक्कम मांडणी लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४ मध्ये केली.

स्पिंडल किती संवेदनशील राहील हे गॅमा चेतापेशी ठरवतात. स्नायू आखडला तरी स्पिंडल सैल पडू नये म्हणून त्या त्याचे टोकाचे तंतू ओढून धरतात. या सगळ्या वर्तुळावर मेंदूकडून उतरणाऱ्या मार्गांची वेसण असते. ती सुटली की वर्तुळ शाबूत राहतं, पण बेफाम होतं: रिफ्लेक्स तीव्र, स्नायू ताठर, घोट्याला झटका दिला की लयीत थरथर. उलट वर्तुळच कुठे तुटलं, म्हणजे स्पिंडलकडून येणारी नस, मूळ, रज्जूतली पेशी किंवा स्नायूकडे जाणारी नस यांपैकी काहीही बिघडलं, तर रिफ्लेक्स मंद होतो किंवा जातो.

आता मनगट. त्या टोल्याचा धक्का हाडातून फक्त कोपर वाकवणाऱ्या ब्रेकिओरेडिअलिस स्नायूला नाही, तर बोटं वळवणाऱ्या स्नायूंनाही पोचतो. पहिल्याचं वर्तुळ सी ५-६, म्हणजे मानेतल्या पाचव्या-सहाव्या पातळीमधून जातं, दुसऱ्याचं सी ८ च्या आसपासून. सी ५-६ च्या पातळीवर रज्जू दाबला गेला की त्या पातळीचं वर्तुळ तुटतं, म्हणून कोपर हलत नाही. त्याखालच्या वर्तुळांची वेसण सुटते, म्हणून एरवी न दिसणारी बोटांची हालचाल उसळून येते. ‘या पातळीला मंद, खालच्या पातळ्यांना तीव्र’ हे दोन्ही एकाच टोल्यात दिसतं. बायसेप्स मंद, ट्रायसेप्स तीव्र हा नमुनाही तेच सांगत होता. जबड्याचा जर्क शांत होता, म्हणजे दोष मेंदूच्या देठाच्या खाली होता.

कोणत्या शक्यता तोलल्या

अँकल जर्क गेलेला, गुडघा तीव्र, प्लँटर वर. या त्रिकुटाने सगळ्यांना अडवलं होतं. अँकल जर्क नाही म्हटल्यावर पहिल्या डॉक्टरांनी नसांचा आजार धरला, आणि तो होताच. पण नुसत्या नसांच्या आजारात प्लँटर वर जात नाही आणि नी जर्क उसळत नाही.

बी-१२ ची कमतरता या तिन्ही खुणा एकट्याने देऊ शकते. रज्जूचे मागचे व बाजूचे पट्टे आणि बाहेरच्या नसा, दोन्ही तिच्यात बिघडतात. नऊ वर्षांचं मेटफॉर्मिन आणि शाकाहार यामुळे संशय रास्त होता. रिपोर्टही आला: १६८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे कमी. मोह इथेच होता. इंजेक्शनं सुरू करायची, सहा आठवडे थांबायचं, फरक पडला नाही तर मानेचा एमआरआय. खर्च वाचला असता, जळगावची खेप वाचली असती.

मोटर न्यूरॉन आजारातही (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी झिजतात तो) मंद आणि तीव्र रिफ्लेक्सची सरमिसळ होते. पण त्यात कंपनाची जाणीव जात नाही. इथे जीभही बारीक झालेली नव्हती, स्नायू फडफडत नव्हते.

मानेतला दाब आणि मधुमेही नसा, हे दोन आजार एकाच देहात, ही तिसरी शक्यता. बी-१२ मुळे सुपिनेटर उलटा होत नाही. तो एका ठरावीक पातळीवरचा दोष दाखवतो, कमतरतेचा आजार अशी पातळी निवडत नाही. या एका खुणेने पारडं झुकलं. रक्तातला आकडा खरा होता, पण संपूर्ण चित्र त्यात मावत नव्हतं.

काय केलं

बी-१२ चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत, एक दिवसाआड, त्याच दिवसापासून सुरू झालं. फॉलिक अ‍ॅसिड एकटं द्यायचं नाही हे चिठ्ठीत ठळक लिहिलं, कारण बी-१२ शिवाय ते दिल्यास रक्त सुधारतं आणि रज्जू मात्र बिघडत राहतो. मानेच्या एमआरआयची चिठ्ठीही त्याच दिवशी दिली. तीवर फक्त ‘मान’ असं न लिहिता ‘सी ५-६ पातळीवर रज्जूदाबाचा संशय, इन्व्हर्टेड सुपिनेटर दोन्हीकडे’ असं लिहिलं.

घरी दोन सूचना दिल्या. डोक्यावर ओझं बंद, आणि मानेला कुणी हात लावायचा नाही. नातेवाईक एका हाडवैद्याकडे मान ‘बसवायला’ न्यायला निघाले होते. दबलेल्या रज्जूवर मानेला दिलेला झटका हातपाय कायमचे घेऊ शकतो. बागेत घसरून पडणंही तितकंच घातक, म्हणून काठी दिली.

एमआरआयमध्ये सी ५-६ ला चकती आणि हाडाच्या वाढीने रज्जू चपटा झालेला होता, आत टी-२ चित्रात (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात) रज्जूच्या इजेचा पांढरा डागही होता. रज्जूदाबाची तीव्रता मोजणारे सुधारित जेओए गुण (जितके कमी तितका त्रास जास्त) १८ पैकी १२ भरले: हात ३, पाय ४, हातांची संवेदना २, लघवी ३. म्हणजे मध्यम तीव्रता. एओ स्पाइन नॉर्थ अमेरिका आणि सर्व्हायकल स्पाइन रिसर्च सोसायटी यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना मध्यम व तीव्र दाबासाठी शस्त्रक्रियेची शिफारस करतात. सौम्य असेल तर शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालचा व्यायाम यांतून निवड करता येते. सहा महिन्यांपूर्वी सापडले असते तर हे रुग्ण कदाचित त्या दुसऱ्या गटात असते.

शस्त्रक्रियेचा उद्देश आबांना आणि मुलाला स्पष्ट सांगितला: बिघाड पुढे जाऊ नये हा पहिला हेतू, सुधारणा झाली तर ती वरकड. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर नंतर चालणं पूर्ववत न झाल्याचा राग येतो. खर्चासाठी आरोग्यमित्राकडे चौकशी करून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी घेतली.

एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९.१ होता. तो खाली यायला तीन महिने लागतात, तितकं थांबणं नाकारलं. इन्सुलिनने रोजची साखर १८० च्या खाली आणली आणि तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली. मानेच्या पुढच्या बाजूने जाऊन सी ५-६ ची चकती काढली आणि दोन मणके जोडले. दाब एकाच पातळीवर आणि पुढून होता, म्हणून मागून जाण्याची गरज पडली नाही. भूल देताना मान मागे न झुकवता व्हिडिओ लॅरिन्गोस्कोपने (घसा पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाने) श्वासाची नळी टाकली आणि रक्तदाब पडू दिला नाही, कारण दबलेल्या रज्जूला रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो.

परिणाम

गिळताना दहा दिवस त्रास झाला. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत तो अपेक्षितच असतो. सहाव्या आठवड्यात बटणं स्वतः लावू लागले. सहा महिन्यांनी गुण १४ झाले, मूठ दहा सेकंदांत १७ वेळा. कठड्याशिवाय जिना चढता येतो, पण अंधारात तोल जातो.

रिफ्लेक्स मात्र फारसे बदलले नाहीत. नी जर्क तीव्र, उजवा प्लँटर वर, सुपिनेटर उलटाच. अँकल जर्क परत आलाच नाही, तो मधुमेहाने नेला आहे. हे पाहून फिजिओथेरपिस्टने शस्त्रक्रिया फसली का असं विचारलं. तसं नाही. रज्जूत झालेली इजा खूण मागे ठेवते. निदानासाठी रिफ्लेक्स उत्तम, प्रगती मोजायला चालण्याचा वेग, मूठ आणि बटणं यांचा आधार घ्यावा. एखादा रिफ्लेक्स नव्याने बदलला, विशेषतः पूर्वी शांत असलेला तीव्र झाला, तर पुन्हा एमआरआयचा विचार करायचा.

घड वाहणं थांबलं. आता ते केळी धुण्या-पॅकिंगच्या शेडवर बसून काम करतात. मजुरी कमी आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिल्याच भेटीत मोजे-चप्पल काढून प्लँटर बघायला दोन मिनिटं लागली असती. मधुमेही माणसाचा अँकल जर्क नसणं इतकं सवयीचं झालं आहे की तिथे तपासणी थांबते. खरं तर अँकल जर्क नसेल तेव्हाच गुडघा आणि प्लँटर जास्त काळजीने बघायला हवेत, कारण रज्जूच्या आजाराची घोट्यातली खूण नसांच्या आजाराने पुसलेली असते.

दुसऱ्या ठिकाणच्या कागदावर ‘डीटीआर (डीप टेंडन रिफ्लेक्स) नॉर्मल’ एवढंच होतं. त्यातून काय तपासलं, काय नाही, हे कळत नाही. माणसाची रेघांची आकृती काढून सहा जागी अंक टाकले असते तर वर मंद आणि खाली तीव्र हा नमुना पुढच्या डॉक्टरला वाचतानाच दिसला असता. दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी: घाबरलेल्या, सडपातळ माणसात सगळे रिफ्लेक्स सारखेच तीव्र असू शकतात आणि प्लँटर खाली असेल तर तो आजार नसतो. आणि रज्जूला अचानक इजा झाल्यावर पहिले काही दिवस, कधी आठवडे, रिफ्लेक्स उलट गायब असतात. नुसत्या एका अंकावरून निष्कर्ष काढू नये.

कमरेचा एमआरआय मागताना ‘पाय ताठर’ हे शब्द चिठ्ठीत असते तर रेडिओलॉजिस्टने त्याच बैठकीत मानेची एक उभी झलक घेतली असती. जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करण्याआधी बी-१२ चं रक्त घ्यायला हवं होतं. इथे कमतरता मोठी होती म्हणून गोळ्यांनंतरही आकडा कमी दिसला, एरवी तो फसवा ‘नॉर्मल’ आला असता.

इन्सुलिनच्या तीन आठवड्यांबद्दल मतं वेगळी पडतात. साखर चढलेली असताना मानेत धातू बसवला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. थांबलं तर दाब चालूच राहतो. आबांची लघवी शाबूत होती आणि चालणं आठवड्यागणिक ढासळत नव्हतं, म्हणून तेवढा अवकाश घेता आला. लघवी अडली असती किंवा ताकद दिवसांत घसरली असती, तर साखर शिरेवाटे इन्सुलिन देऊन काही तासांत आणून त्याच आठवड्यात टेबलावर घ्यावं लागलं असतं.